थोरल्याची पत्रिका, धाकट्याचं लग्न

तुळशीचं लग्न लागलं की जळगाव-धुळ्यातल्या डीटीपीच्या दुकानांत पत्रिकांचा हंगाम सुरू होतो. खानदेशातली लग्नपत्रिका हा मोठा दस्तऐवज असतो. वधूवर त्यात चार ओळींत उरकतात. उरलेला कागद भाऊबंदकीचा. आधी कैलासवासी पणजोबा-आजोबा, मग निमंत्रक, व्यवस्थापक, प्रेषक, विनीत, जावई मंडळी, मित्र मंडळ, समस्त गावकरी, आणि तळाच्या चौकटीत ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणणारी पाच-सहा चिमुकली. एक नाव गळलं तर मंडपात कोणीतरी जेवायला बसत नाही. थोरल्या मुलाच्या वेळी या यादीवर आठ-आठ दिवस खल झालेला असतो. तो खल पुन्हा करायची कोणाची तयारी नसते, म्हणून धाकट्याचं जमलं की बाप दुकानात येऊन एवढंच सांगतो, ‘भाऊ, मोठानी पत्रिका काढ, नाव बदली दे.’

दुकानात बहुधा दोन संगणक असतात. दर्शनी टेबलावरचा नवा. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप, पीडीएफ, ऑनलाइन अर्ज, पॅनकार्डाची कामं. दुसरा कोपऱ्यात. त्याच्या कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण कायमचं निघालेलं, कारण मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला भिडतो आणि टेबलफॅनचा झोत गिऱ्हाइकापेक्षा मदरबोर्डाला जास्त लागतो. त्यावर चालते विंडोज एक्सपी, २००१ साली बाजारात आलेली आणि ८ एप्रिल २०१४ नंतर मायक्रोसॉफ्टनं वाऱ्यावर सोडलेली. पडद्यावर ती प्रसिद्ध हिरवीगार टेकडी, चार्ल्स ओ’रिअर या छायाचित्रकारानं १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेली. खानदेशच्या उन्हाळ्यात ती टेकडी जरा चेष्टाच वाटते. ऑपरेटर वर्षाचं फोल्डर उघडतो, आडनावाच्या फाइलीवर टिचकी मारतो आणि पेजमेकरमध्ये थोरल्याची पत्रिका जशीच्या तशी उभी राहते. गणपती जागेवर, रफार जागेवर, शेवटच्या रात्री घुसवलेलं मावसकाकांचं नावही जागेवर. चहा येईपर्यंत धाकट्याचा मजकूर तयार झालेला असतो.

दुकानमालकाचा पुण्याला आयटीत असलेला भाचा सुट्टीत येतो तेव्हा हे बघून त्याला हसू फुटतं. ‘मामा, हे आता म्युझियमला द्या.’ मामाचं उत्तर ठरलेलं: ‘चालतंय ना अजून?’ भाच्याला वाटतं, मामा चिकट आहे, नाहीतर आळशी, नाहीतर नव्याला घाबरतो. या तिन्हींत थोडंथोडं तथ्य असेलही. पण पैसे वाचवण्यासाठी माणूस जुनं मशीन दोन वर्षं वापरेल, पाच वर्षं वापरेल. वीस वर्षं वापरतो तेव्हा कारण पैशाच्या पलीकडे कुठेतरी असतं.

असे मामा जगभर आहेत आणि त्यांतले बरेचसे चांगले खातेपिते आहेत. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ज्या कादंबऱ्यांवरून निघालं त्या लिहिणारे जॉर्ज आर. आर. मार्टिन डॉसच्या संगणकावर वर्डस्टार ४.० मध्ये लिहितात. २०१४ मध्ये एका टीव्ही मुलाखतीत त्यांनी ते सांगितलं, तेव्हा प्रेक्षक हसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लहान अक्षर टंकलं तर ते लहानच राहावं; संगणकानं परस्पर त्याचं मोठं करू नये. पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात एका मोटार गॅरेजमध्ये कमोडोर ६४ हा १९८२ सालचा घरगुती संगणक पंचवीसहून अधिक वर्षं ड्राइव्ह शाफ्टचा तोल मोजत होता. २०१६ मध्ये त्याची बातमी झाली. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सची बातमी आली होती. तिथल्या १९ शाळांची हीटिंग आणि वातानुकूलन यंत्रणा ऐंशीच्या दशकात घेतलेला एक अमिगा संगणक सांभाळत होता. त्याचा प्रोग्राम लिहिला होता शाळेतल्याच एका विद्यार्थ्यानं, आणि बिघाड झाला की शाळा अजून त्यालाच बोलावत असे. नवी यंत्रणा बसवायची तर खर्च होता पंधरा-वीस लाख डॉलर.

अमिगाचं प्रकरण जरा निराळं. तिथे सोय संपते आणि भक्ती सुरू होते. कमोडोर कंपनीनं तो २३ जुलै १९८५ ला न्यूयॉर्कमध्ये थाटात दाखवला. चित्रकार अँडी वॉरहॉलनं मंचावर बसून त्याच्यावर गायिका डेबी हॅरीचं चित्र रंगवलं. ४०९६ रंग, चांगला आवाज, एकाच वेळी अनेक कामं. आयबीएमच्या संगणकावर तेव्हा मोजके रंग आणि टूंऽ एवढाच आवाज. तरीही बाजार आयबीएमच्या बाजूनं गेला आणि एप्रिल १९९४ मध्ये कमोडोरचं दिवाळं निघालं. कंपनी गेली, पण वापरणारे गेले नाहीत. त्यांनी त्या यंत्रासाठी नवे वेगवर्धक बोर्ड बनवले, आणि २०२१ मध्ये, म्हणजे कंपनी बुडाल्यावर सत्तावीस वर्षांनी, अमिगाओएसची ३.२ ही नवी आवृत्ती विक्रीला आली. हरलेल्या पक्षाचे कार्यकर्ते इतके दिवस टिकलेले राजकारणातही क्वचित दिसतात.

या सगळ्या गोष्टीत १९८५ हे साल पुन्हा पुन्हा आडवं येतं. अमिगा आला त्याच जुलैत आल्डस कंपनीचं पेजमेकर मॅकिंटॉशसाठी बाजारात आलं आणि ‘डीटीपी’ हा धंदा जन्माला आला. विंडोजची पहिली आवृत्ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली. आणि साधारण त्याच सुमारास भारत सरकारनं शाळांना संगणक द्यायची ‘क्लास’ योजना सुरू केली, १९८४-८५ मध्ये. सुमारे अडीचशे शाळांत ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो पोचले: ३२ किलोबाइट मेमरी, टीव्हीसारखा पडदा, कीबोर्डातच सगळा संगणक. पुढे ही योजना मागे पडली, यंत्रं कपाटात गेली. पण ज्या कंपनीत बीबीसी मायक्रो घडला, तिथेच सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एक नवा प्रोसेसर आखला. २६ एप्रिल १९८५ ला त्याची पहिली चिप बीबीसी मायक्रोलाच जोडून चालवली गेली. तिचं नाव एआरएम. भाच्याच्या खिशातल्या फोनमध्ये तिचीच वंशज बसलेली आहे. एकॉर्नची रिस्क ओएस ही प्रणाली आजही हौशी मंडळी चालती ठेवतात. हातभर वायर आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असला की ती चालते. तेव्हा ‘बाजारानं टाकलेलं’ आणि ‘निरुपयोगी’ यांत अंतर असतं, हे मामाला माहीत नसलं तरी त्याच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे.

खानदेशातल्या मामाची गोष्ट मात्र अमिगावाल्याहून वेगळी आहे, कारण तिच्यात मराठी अक्षर येतं.

डीटीपी येण्याआधी जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव इथल्या छापखान्यांत खिळे होते. कंपोझिटर उभ्यानं काम करायचा. समोर खणाखणांची केस, हातात स्टिक, आणि नजर हस्तलिखितावर. जोडाक्षरांमुळे मराठीची केस इंग्रजीपेक्षा कितीतरी पसरट. कुठला ‘ष्ट्र’ कुठल्या खणात, हे बोटांना माहीत असायचं. नव्वदच्या दशकात संगणक आले तेव्हा यांतल्याच काहींनी खुर्चीत बसून माऊस धरला. अर्थात खिळे गेले म्हणून ट्रेडल हे जुनं छपाईयंत्र गेलं असं नाही. बिलबुकावर नंबर पाडायला आणि फाडायच्या रेघेवर भोकं पाडायला अनेक छापखान्यांत ट्रेडल अजून खडखडतं. या धंद्याला जुन्याशेजारी नवं ठेवायची सवय आधीपासूनची आहे.

संगणकाला मराठी येत नव्हतं, ते शिकवावं लागलं. कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आदींनी जिस्ट तंत्र घडवलं आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकनं ते कार्डाच्या रूपात बाजारात आणलं. ते कार्ड संगणकात खोचलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. मग विंडोज आली आणि तिच्याबरोबर फाँटची पॅकेजं: सी-डॅकचं आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, बंगळूरूचं आकृती. छापखानेवाल्यांनी त्यांतलं एकेक निवडलं आणि त्याच्याशी संसार मांडला.

त्या फाँटची करामत जवळून बघण्यासारखी आहे. संगणकाच्या लेखी ती सगळी इंग्रजीच. एका फाँटमध्ये २५६ जागा, त्यातल्या काही वापरता न येणाऱ्या. त्यांत अख्खी देवनागरी बसवायची म्हणून कारागिरांनी अक्षरं मोडली. अर्धा म एका जागी, काना दुसऱ्या जागी. दोन्ही शेजारी ठेवले की पूर्ण म. रफार वेगळा, रफार आणि अनुस्वार एकत्र असलेला वेगळा, लांब वेलांटी, आखूड वेलांटी, ‘ट्र’साठीचं खालचं टोपण. प्रत्येक कंपनीची मांडणी स्वतःची. त्यामुळे एका दुकानातली फाइल फाँट नसलेल्या दुकानात उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांची खिचडी दिसते. पण फाँट असलेल्या दुकानात ऑपरेटरचा हात खिळे जुळवणाऱ्याच्या हाताइतका मोकळा असतो. रफार जरा डावीकडे सरकलाय? त्याचा दुसरा नमुना टाकायचा. उकार पायाला घासतोय? तेवढंच अक्षर निवडून खाली ओढायचं. अक्षर घडवण्याचं काम माणसाकडे असतं.

युनिकोडनं हे काम माणसाकडून काढून घेतलं. त्यात ‘मार्मिक’ हा शब्द उच्चाराच्या क्रमानं साठवला जातो: म, काना, र, हलन्त, म, ऱ्हस्व वेलांटी, क. पडद्यावर वेलांटी मागे जाते आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, ते प्रणाली परस्पर करते. जुन्या फाँटमध्ये क्रम डोळ्याचा: म, काना, मग वेलांटी, मग म, मग रफार, शेवटी क. तत्त्व म्हणून युनिकोड शंभर टक्के बरोबर. शोधता येतं, क्रम लावता येतो, मोबाइलवर वाचता येतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, र. कृ. जोशींनी केलेला मंगल फाँट विंडोज २००० बरोबर आला. पण छापखान्याला पानं लावायची होती, आणि पेजमेकरला युनिकोड कधीच आलं नाही. २००१ ची सातवी आवृत्ती हीच त्याची अखेरची मोठी आवृत्ती. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या फारशी जोडतोड न करता नीट उमटायला २०१२ ची सीएस-६ उजाडली. तोवर छापखान्याच्या कामाचे, बातमीला शोभतील, पत्रिकेला शोभतील, दुकानाच्या पाटीला शोभतील असे नाना वळणांचे फाँट जुन्या पॅकेजांतच होते. एक टाइपसारख्या मुंबईच्या मंडळींनी मुक्त, बलू असे चांगले युनिकोड फाँट खुले केले ते फार उशिरा. मधली वीस वर्षं जगानं मराठी छापखान्याला ‘थांबा’ म्हणून सांगितलं होतं. तो थांबला नाही; हातात होतं त्यावर काम करत राहिला. आता त्यालाच मागासलेला म्हणणं थोडं अन्यायाचं आहे.

शिवाय बोटं. आजचे पन्नाशीचे ऑपरेटर टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, गोदरेज नाहीतर रेमिंग्टनच्या मशीनवर, मराठी ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा देत. गोदरेजनं टंकलेखन यंत्रं बनवायचं २००९ मध्ये थांबवलं. पुढे राज्य परीक्षा परिषदेची परीक्षाही संगणकावर गेली, ‘जीसीसी-टीबीसी’ झाली. पण यंत्र गेलं तरी कळांची मांडणी बोटांत राहिली, आणि जुन्या पॅकेजात ती मांडणी हुबेहूब मिळते. असा ऑपरेटर मजकुराकडे बघत टंकतो, कीबोर्डकडे बघत नाही, मधेच गिऱ्हाइकाशी भावही करतो. त्याला इन्स्क्रिप्ट ही वेगळी मांडणी शिकवायला बसलं की त्याचं तोंड पहिलीतल्या पोरासारखं होतं. शिकतात काही जण. लग्नसराईत मात्र कोणी शिकत नाही.

कोपऱ्यातल्या त्या मशीनवरचं प्रेम कशातून येतं, हे ते बिघडतं तेव्हा कळतं. १९९९ ते २००७ च्या दरम्यानच्या पुष्कळ मदरबोर्डांना एक रोग होता: प्रोसेसरच्या शेजारचे कॅपॅसिटर फुगायचे. जगभर लाखो बोर्ड त्यात गेले. लक्षण ठरलेलं. मशीन सुरू होतं, पंखा फिरतो, पडदा काळा. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी अशा दुखण्याचे जुने वैद्य बसतात. यांतले काही आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. तो माणूस बोर्ड उजेडाकडे तिरका धरतो. कॅपॅसिटरची टोपी सपाट असावी लागते. एखाद-दोन टोप्या वर आलेल्या, फुलीच्या खाचेतून तपकिरी द्रव सांडलेला. सोल्डरिंग आयर्न तापते, जुना कॅपॅसिटर पाय वितळवून निघतो, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि जमलं तर थोड्या जास्त व्होल्टचा नवा बसतो, ऋण बाजूचा पट्टा बघून. एका कॅपॅसिटरची किंमत चहापेक्षा फार जास्त नसते. मशीन पुन्हा दोन-चार वर्षं चालतं.

हे सगळं मालकाच्या डोळ्यांदेखत होतं. पुढच्या वेळी पडदा काळा झाला की तो स्वतःच टोप्या तपासतो. एसएमपीएसचा आवाज बदलला हे त्याला ऐकू येतं. रॅम काढून खोडरबरानं तिची सोनेरी कड पुसायची आणि परत बसवायची, हे तर शेजारच्या पानवाल्यालाही येतं. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, बॅटरी आत बंद, स्क्रू वेगळ्याच आकाराचे. बिघडला की तो सेवाकेंद्रात जातो, तिथून ‘बोर्ड बदलावा लागेल’ असं पत्र आणि एक आकडा येतो. त्या व्यवहारात मालकाला करण्यासारखं काही नसतं. कमोडोरवर प्रेम करणारा पोलिश मेकॅनिक, अमिगा उघडून बसणारा जर्मन निवृत्त अभियंता आणि धुळ्याचा छापखानेवाला यांना एकमेकांची भाषा कळणार नाही, पण झाकण काढलेलं यंत्र पुढ्यात ठेवलं तर तिघांचं जमेल. आपल्या यंत्राच्या आत काय आहे हे तिघांना पाठ आहे, आणि आपण न सांगता त्यात काही बदलत नाही हेही.

बदलण्याचा मुद्दा पैशाशीही येऊन भिडतो. २०१३ मध्ये अ‍ॅडोबीनं आपली मोठी पॅकेजं एकदाच विकायचं थांबवून महिन्याच्या, वर्षाच्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. ज्याचा धंदा कार्तिक ते ज्येष्ठ जोरात आणि आषाढ-श्रावणात माशा मारत, त्याला बारमाही भाडं परवडत नाही. पेजमेकर एकदा घेतलं की घेतलं. (सगळ्यांनीच ते बिलावर घेतलं होतं, असं म्हणायचं धाडस कोणी करू नये. त्या काळी पॅकेज ‘टाकून देणारा’ हा एक स्वतंत्र व्यवसाय होता.) फाँट कंपन्यांना हे ठाऊक होतं, म्हणून पॅकेजाबरोबर डोंगल यायचा, संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं एक बोटभर कुलूप. ते लावलेलं असेल तरच फाँट चालणार. इमानदार गिऱ्हाइकाकडे तो डोंगल अजून आहे, आणि पुढे त्यालाच त्याचा ताप झाला, त्याबद्दल शेवटी.

एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, मग व्हायरस? ऑपरेटरचा उपाय सोपा: मशीनला नेटच द्यायचं नाही. धोका येतो पेनड्राइव्हमधून. मधल्या काळात ‘शॉर्टकट व्हायरस’ नावाच्या साथीनं डीटीपीवाल्यांना रडवलं. पेनड्राइव्ह लावला की फाइली गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट. तेव्हापासून गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी नव्या मशीनला लागतो, तिथे तपासला जातो, मगच कोपऱ्याकडे जातो. मार्टिनसाहेबांचा डॉसचा संगणकही नेटला जोडलेला नसतोच. दोघांनी एकमेकांना विचारलेलं नाही.

बाजार समितीत दुसरं उदाहरण आहे, आणि ते हट्टाची हद्द दाखवतं. आडत्याच्या गादीशेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किर्रकिर्र करत असतो. एपसनच्या एलएक्स-३०० सारख्या प्रिंटरच्या डोक्यात ९ सुया. त्या शाईच्या फितीवर ठोकून अक्षर उमटवतात. ठोकतात म्हणूनच खालच्या प्रतींवरही अक्षर उतरतं. शेतकऱ्याला पट्टी, व्यापाऱ्याला प्रत, दफ्तराला प्रत, एका ठोक्यात. लेसर किंवा इंकजेट कितीही देखणा असला तरी कागदाला ठोकत नाही, म्हणून त्याला हे जमत नाही. धूळ, भुसा, मिरचीचा खकाणा, सगळं सोसून ही यंत्रं चालतात. पण त्यांच्यामागचा हिशेबाचा प्रोग्राम टिकला नाही. २००५ मध्ये व्हॅट आला तेव्हा पुष्कळांना नवी टॅली घ्यावी लागली, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा उरलेसुरले जुने प्रोग्रामही रातोरात रद्दी झाले. कायदा बदलला की हौस चालत नाही. प्रिंटरला कायद्याचं देणंघेणं नव्हतं, तो राहिला.

धुळ्यात गेलं की या हट्टाची दुसरी बाजू दिसते. इतिहासकार वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले आणि काही दिवसांतच, जानेवारी १९२७ मध्ये, त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांनी आयुष्यभर गावोगावची दफ्तरं धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड त्यातून निघाले. तिथल्यासारख्या जुन्या कागदांत एक गोष्ट लक्षात येते: काजळाच्या शाईत लिहिलेला दोनतीनशे वर्षांपूर्वीचा मजकूर अजून स्वच्छ आहे. वाचणारा मोडी शिकलेला हवा, एवढीच अट. आता त्याच शहरातल्या एखाद्या दुकानातली १९९६ सालची स्मरणिका घ्या. छापील प्रत वाळवीनं खाल्ली. फ्लॉपीला बुरशी लागली, किंवा फ्लॉपी आहे पण ती वाचणारा ड्राइव्ह नाही. हार्ड डिस्कवर उतरवलेली फाइल आहे, पण ती पेजमेकरची, आणि अक्षरं अशा एका फाँटची ज्याची कंपनी उठून गेली. जुना फाँट हा आजचा मोडी झाला आहे, आणि मोडी शिकवण्याचे निदान वर्ग तरी निघतात.

यात अडकलंय ते थोडंथोडकं नाही. नव्वदीपासून पुढच्या पंचवीसेक वर्षांत खानदेशात जे छापलं गेलं, म्हणजे गावांचे इतिहास, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, दिवाळी अंक, अहिराणी कवितांची चाळीस-पन्नास पानी पुस्तकं, त्यातलं बरंचसं संगणकावर टंकलेलं आहे आणि तरी संगणकाला ते मराठी आहे हे माहीतच नाही. शोध घेतला तर सापडत नाही. अहिराणीचा तर मुळात छापील ऐवजच कमी. त्यातला हा हिस्सा असा कुलूपबंद. कन्व्हर्टर आहेत, पण ‘र्‍य’ फुटतो, वेलांटी एक घर चुकते, आकडे आणि विरामचिन्हं अदलाबदल होतात. एका पुस्तकाला मुद्रितशोधकाचे दोन दिवस मोडतात आणि त्याचे पैसे द्यायला कोणी तयार नसतं. ज्या ऑपरेटरच्या हट्टामुळे हा मजकूर अजून उघडता येतो, त्याच्याच हट्टामुळे तो बाहेर येत नाही. त्याला दोष द्यायचा की त्याचे आभार मानायचे, हे ठरवण्याआधी त्याच्या हार्ड डिस्कची एक प्रत करून घेणं जास्त निकडीचं आहे. सोबत फाँटच्या फाइली आणि प्रत्येक पानाची पीडीएफ.

तरुण ऑपरेटरांनी मधली वाट शोधली आहे. नव्या संगणकात व्हर्च्युअलबॉक्स टाकायचा, त्याच्या खिडकीत एक्सपी उभी करायची, तीत पेजमेकर आणि जुने फाँट. मागच्या खिडकीत व्हॉट्सअ‍ॅप, पुढच्या खिडकीत २००१ साल. मामाला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तो बराच वेळ बघत बसला आणि मग म्हणाला, ‘हाई चांगलं से, पण डोंगल कथा लावशीन?’ प्रश्न बिनतोड. प्रिंटरचा तो जुना पॅरलल पोर्ट नव्या मदरबोर्डांवर सहसा नसतो. कार्ड घालून पोर्ट आणता येतो, पण खिडकीतल्या एक्सपीला त्यातून डोंगल दिसेलच असं नाही.

तशात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे मोठ्या शहरांतल्या कचेऱ्यांतून धडधाकट मशीन निघायला लागली आहेत आणि सेकंडहँडवाल्यांकडे त्यांचे ढीग लागतायत. भाच्याच्या हिशेबी हा ई-कचरा. डीटीपीवाला मात्र अशा ढिगापुढे उभा राहिला की रॅम किती आणि प्रोसेसर कुठला हे विचारतच नाही. तो एकेक कॅबिनेट पाठमोरं करतो, मागे पंचवीस भोकांचा पोर्ट आहे का बघतो, आणि असला तर चेहरा मख्ख ठेवून भाव पाडायला सुरुवात करतो.